विषय: दशमांश नेमका कशातून काढायचा?

दुबईहून, शुक्रवार रात्र

सगळ्यांना नमस्कार, वास्कोच्या काकांना जय ख्रिस्त.

आपल्या गोवेकरांच्या मंडळाच्या मेल-लिस्टवर एरवी चवथीची वर्गणी नाहीतर कोणाला रूम पाहिजे असलेच मेल असतात, त्यामुळे हे इथं लिहू का नको असं दोन दिवस चाललं होतं. पण काका लिस्टवर आहेत आणि मी त्यांच्याच मंडळीत (चर्चमध्ये) लहानाचा मोठा झालो, म्हणून लिहितोय.

इथं आम्ही ज्या प्रार्थनेला जातो तिथं मागच्या आठवड्यात बाहेरून आलेल्या एका पास्टरांनी बायबलातला मलाखी 3 वाचून सांगितलं की जो पूर्ण पगाराचा दहावा भाग, म्हणजे दशमांश, देत नाही तो देवाला ठकवतो आणि त्याच्या घरावर शाप राहतो, आणि मग पाकिटं वाटली, त्यावर नाव आणि पगार लिहायचा. बायको घरी येऊन रडली. आमचं असं आहे की वास्कोच्या फ्लॅटचा हप्ता जातो, आईबाबांना दर महिन्याला पाठवतो, बाबांच्या औषधांचा खर्च वेगळा, इथलं भाडं, पोरीची फी, आणि शेवटी हातात जे राहतं त्यातून आम्ही रविवारी काहीतरी टाकतो. दहावा भाग पूर्ण पगाराचा काढायचा की हे सगळं वजा करून? आईबाबांना पाठवतो ते त्यात धरलं तर चालतं का? आणि द्यायचं तर इथं द्यायचं की वास्कोला आपल्या मंडळीला? मला खरंच कळत नाहीये, मनापासून विचारतोय.

---

वास्कोहून, शनिवार सकाळ

बाळा, जय ख्रिस्त. सूनबाईला सांग, रडू नको. तुझा मेल रात्री वाचला आणि झोप लागली नाही म्हणून पहाटेच बसलो लिहायला, लांबेल, वाचून घे.

आधी शापाचं. मलाखीचा तो अध्याय मी पण वाचतो आणि मानतो, पण तो एकटा काढून कोणाच्या डोक्यावर मारायचा नाही. त्याच्या शेजारी नहेम्या 13 वाच. लेव्यांना वतनात जमीन नव्हती, मंदिराची सेवा हेच त्यांचं काम, आणि लोकांनी दशमांश आणणं बंद केल्यावर ते बिचारे सेवा टाकून आपापल्या शेतावर पोटामागं निघून गेले. मलाखी ज्या भांडाराबद्दल बोलतो ते रिकामं म्हणजे हे, माणसं उपाशी राहिली. आणि लेव्यांना जे मिळायचं त्यातूनही त्यांना दहावा भाग काढून याजकांना द्यावा लागायचा, गणना 18 मध्ये आहे, म्हणजे घेणारा सुटला असं नव्हतं. ज्या पास्टरांनी पाकिटं वाटली त्यांचं स्वतःचं पाकीट कुठं जातं हे विचारायचा मंडळीला हक्क आहे.

आता आईबाबांचं. हे मी अगदी ठामपणे सांगतो. मार्क 7 मध्ये प्रभू येशू ‘कुर्बान’वरून बोलतो ते बघ, आईबापाला म्हणायचं की तुम्हाला द्यायचं होतं ते मी देवाला वाहिलं, आणि हात झटकायचे, ह्यावर तो किती रागावलाय. तुझ्या बाबांची गोळी बंद करून आलेला पैसा आमच्या अर्पणाच्या पिशवीत नको. पण म्हणून आईबाबांना दिलं तोच माझा दशमांश असंही धरू नको, ते मुलाचं कर्तव्य आहे, ते वेगळं आणि अर्पण वेगळं.

पूर्ण पगार की उरलेला, हे मला पण माझ्या तरुणपणी पडलेलं कोडं होतं. नव्या करारात मंडळीला आकडा घालून दिलेला मला तरी कुठं सापडला नाही. पौल करिंथकरांना सांगतो की आठवड्याच्या पहिल्या दिवशी जसं उत्पन्न होईल तसं बाजूला काढून ठेवा, आणि दुसऱ्या पत्रात की कुरकुरत किंवा भाग पडतं म्हणून नाही, मनात ठरवल्याप्रमाणे द्या. मी स्वतः दहावा भाग देतो, पूर्ण पेन्शनचा, पण तो मी तुझ्यावर लादणार नाही, मी तिथवर पोचायला अकरा वर्षं घेतली. तुझं ‘शेवटी जे राहतं त्यातून’ हे वाक्य मात्र मला खुपलं आणि ते का खुपलं ते सांगतो.

आमचं गाव नगरकडचं, तुला माहीतच आहे. आई भाकरीला पीठ घ्यायच्या आधी एक मूठ बाजरी मातीच्या मडक्यात टाकायची, दोन्ही वेळेला, आणि शनिवारी ते मडकं फडक्यावर उपडं करून बांधून ठेवायची, रविवारी ते देवळात, म्हणजे चर्चला, जायचं. पाळकसाहेबांचं (पास्टरांचं) घर त्यावर चालायचं. हंगामाच्या सणाला तर लोक ऊस, कोंबड्या, लाल भोपळे काय काय आणायचे आणि उपासनेनंतर लिलाव, एकच भोपळा तीनतीनदा विकला जायचा कारण घेणारा परत अर्पण करायचा. आणि मग 1972 चा दुष्काळ. बाप खडी फोडायला जायचा, घरात सुकडी. मी आईला म्हटलं आता तरी मूठ टाकू नको. ती काही बोलली नाही, मूठ लहान केली, इतकी की बोटांच्या चिमटीत मावेल, पण पीठ घ्यायच्या आधीच टाकली. त्याच वर्षी पाळकसाहेब देवळात जमलेलं धान्य पोत्यातून काढून घरोघर वाटत फिरले, आमच्याही घरी पायलीभर आलं. आईने त्यातूनही आधी मूठ काढली. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो आणि मला तिचा राग आला होता.

तर तू आकड्याचं नंतर बघ. पगार जमा झाला की त्याच दिवशी, हप्ता कापायच्या आधी, काहीतरी बाजूला काढ. तीन टक्के काढ, दोन काढ. कर्ज फिटत जाईल तसं वाढव. क्रेडिट कार्डावर उधार घेऊन अर्पण अजिबात करू नको, मी मंडळीचा खजिनदार होतो तेव्हा एका घराने असं केलेलं मला नंतर कळलं आणि पंचांच्या परवानगीने मी ते पैसे परत नेऊन दिले.

कुठं द्यायचं? जिथं दर रविवारी बसतोस, ज्यांच्याबरोबर प्रभुभोजन घेतोस, तिथं. त्या हॉलचं भाडं, दिवा, पाणी तूही वापरतोस ना. पण हिशेब माग. आमच्याकडे पिशवी दोघं मिळून मोजतात, एकाच घरातले दोघं कधीच नाहीत, वहीवर दोघांच्या सह्या, आणि महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जमाखर्च उभं राहून वाचतात. कोणी किती दिलं ते वाचत नाहीत, कधीच नाही. पंचवीसएक घरं आहोत, बहुतेक बंदरावर आणि शिपयार्डात राबणारी, तरी पाळकांचा पगार एक महिनाही चुकला नाही, आणि एका विधवा बहिणीला डायलिसिससाठी बांबोळीच्या हॉस्पिटलात न्यायची रिक्षा दोन वर्षं मंडळी देतेय. ह्या जूनला पत्रे परत गळले, ते मात्र अजून राहिलंय.

---

फोंड्याहून, शनिवार दुपार

काका, नमस्कार. मी तुमच्या धर्माची नव्हे, तरी मुलगा परदेशात म्हणून ह्या लिस्टवर आहे आणि तुमचा मेल दोनदा वाचला. तुमच्या आईची मूठ वाचून डोळे भरून आले.

आमच्याकडे चवथीच्या दुसऱ्या दिवशी नव्याची पंचम, शेतातली नवी कणसं आधी देवाला आणि मग घराच्या दाराला. आणि साश्टी तालुक्यात राय गावच्या इगर्जेत (चर्चमध्ये) 5 ऑगस्टला कणसाचं फेस्त, म्हणजे सण, तिथंही नवं भात आधी वेदीवर, पाद्री आशीर्वाद देतात आणि मग लोक कणसं घरी नेतात. माझी शाळेतली मैत्रीण तिथली, ती मला दर वर्षी एक कणीस आणून द्यायची, मी ते आमच्या देव्हाऱ्याशेजारी ठेवायचे, सासूबाईंनी कधी नको म्हटलं नाही. गांवकारीत, म्हणजे गावाच्या सामायिक जमिनीच्या कारभारात, सुद्धा आधी देवळाचा आणि गावकामाचा खर्च आणि मग उरलेल्यातून गांवकारांना जोण (त्यांचा वाटा), आधी काढायची रीत ह्या मातीतली जुनीच.

पण एक मनातलं लिहिते, राग मानू नका. पोर्तुगीज आले तेव्हा देवळांच्या जमिनींचं उत्पन्न सरकारी हुकुमाने इगर्जांकडे आणि पाद्रींकडे वळवलं. आमचा मंगेश कुठ्ठाळीहून 1560 मध्ये नदी ओलांडून इकडं प्रियोळला आणला तो त्याच काळात. तुम्ही वास्कोहून येताना कुठ्ठाळीवरूनच येता. म्हणून कोणीही, कुठल्याही धर्माचा, जबरदस्तीने देवासाठी काढून घेतो म्हटलं की माझ्या पोटात कालवतं. त्या पाकिटावर पगार लिहायला सांगितलं ते वाचून तसंच झालं. त्या मुलाने ते पाकीट भरू नये असं मला वाटतं.

---

स्विंडनहून (इंग्लंड), रविवार संध्याकाळ

काकांना आणि माईंना नमस्कार. मी म्हापशाकडची, कॅथलिक, घरात मराठी पेपर यायचा म्हणून मराठीची सवय. इथं आमच्या गोवेकरांची मोठी वस्ती आहे, मिसाला अर्धी इगर्ज आपलीच.

आमच्यात दहा टक्के असा नियम नाही. इगर्जेच्या गरजा आपापल्या ऐपतीप्रमाणे भागवायच्या हे कर्तव्य मात्र कॅटेकिझममध्ये लिहिलेलं आहे, आणि खरं सांगायचं तर आकडा नाही म्हणून आम्ही बरेच जण वर्षानुवर्षं तेच एक नाणं टाकत आलो, हे मला काकांचा मेल वाचून टोचलं. मी आता महिन्याची स्टँडिंग ऑर्डर लावली. इथं टॅक्स भरणाऱ्यांनी गिफ्ट एडचा फॉर्म दिला तर 10 पौंडांवर सरकारकडून इगर्जेला आणखी अडीच पौंड मिळतात, ज्यांनी दिला नसेल त्यांनी द्या, तो पैसा फुकट जातोय.

काकांशी एका बाबतीत माझं जमत नाही. जिथं बसतो तिथंच द्यायचं म्हणता, पण माझे आजीआजोबा ज्या सिमितेरीत (दफनभूमीत) आहेत ती इगर्ज माझी नाही का? गावात निम्मी घरं कुलूपबंद, फेस्ताला कॉन्फ्रारियाचे, म्हणजे इगर्जेच्या सेवामंडळाचे, लाल ओप (झगे) घालायला म्हातारे चारच उरलेत, आणि आम्ही सगळे बाहेर. तिच्या छपराचं कोण बघणार?

पण ह्यात एक कायद्याची गोष्ट आहे, दुबईच्या भावाला उपयोगी म्हणून लिहिते. त्याच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल तर स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत त्याने गोव्याच्या मंडळीला पाठवलेलं विदेशी योगदान धरत नाहीत. माझ्यासारखे ज्यांनी पोर्तुगीज किंवा ब्रिटिश पासपोर्ट घेतला ते ओसीआय (भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकांचं कार्ड) असले तरी कायद्याने परकीय, आमचा पैसा एफसीआरए ह्या विदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच चालतो आणि तोही 2020 नंतर आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मेन ब्रँचमधल्या खात्यातच यावा लागतो. मी हे न समजता पाठवायला निघाले होते, गावच्या पाद्रींनी फोन करून थांबवलं, नाहीतर त्यांनाच त्रास झाला असता. तेव्हा मला जास्त वाईट वाटलं, आपल्याच इगर्जेला आपण परके.

---

वास्कोहून, रविवार रात्र

बाई, तुमचं बरोबर आहे, मी घाईत लिहिलं. बायबलातलं अनुवाद नावाचं पुस्तक, अध्याय 14, उघडून परत वाचलं. तिथं लांब राहणाऱ्याचा विचार केलेला आहे, वाट फार लांब असेल आणि दशमांश वाहून नेता येत नसेल तर तो विकून रुपे कर, गाठीला बांध आणि देवाने निवडलेल्या जागी ने. आणि दर तिसऱ्या वर्षीचा आपल्याच वेशीच्या आत ठेव, लेवी, परका, अनाथ, विधवा ह्यांनी खाऊन तृप्त व्हावं म्हणून. म्हणजे एक लांबचा आणि एक वेशीतला. मला आजवर ह्याचा असा अर्थ सुचला नव्हता. माई, राग कसला, कुठ्ठाळीवरून जाताना आता आठवेल.

---

दुबईहून, सोमवार

काका, माई, ताई, तिघांचे उपकार. ते पाकीट रिकामंच परत दिलं, आमच्या इथल्या पाळकांना भेटून सांगितलं की हिशेब वाचणार असाल तर आम्ही दर महिन्याला देऊ, ते ओशाळले आणि पुढच्या महिन्यापासून वाचतो म्हणाले. पगार 28 ला येतो. तीन टक्के त्याच दिवशी निघतील असं बँकेत लावून ठेवलंय, दोन इथं आणि एक वास्कोला, पासपोर्ट भारतीयच आहे. बायकोने स्वयंपाकघरात एक डबा ठेवलाय, तांदूळ धुवायला घ्यायच्या आधी पोरगी त्यात मूठ टाकते, खाली बिल्डिंगच्या कामावर जी माणसं आहेत त्यांच्यासाठी.

काका, पत्र्याचा अंदाज किती आलाय ते कळवा.