गावातल्या कलाकारांचा गाण्यांचा सिनेमा: थिएटर नाही मिळालं तर?

कुडाळचो_झील
नमस्कार मंडळी. आमच्या भजनी मंडळातली पोरं, एक पेटीवाले बुवा आणि दशावतारात पखवाज वाजवणारे दोघे मिळून मालवणीत गाण्यांचा सिनेमा करतोय. गोष्ट बसलीय, सात-आठ चाली तयार आहेत, पैसे गावकऱ्यांनी आणि मुंबईच्या चाकरमान्यांनी घातलेत. पण थिएटरवाले म्हणतात, नावाजलेला चेहरा नाही तर शो नाही. असा सिनेमा लोकांपर्यंत पोचल्याचं कुणी पाहिलंय का?

पार्लेकर७
यूट्यूबवर टाका आणि मोकळे व्हा. हल्ली थिएटरला विचारतो कोण?

मडगावची_सून
यूट्यूबची घाई करू नका, कळकळीने सांगते. आमच्याकडे बार्ड्रॉय बार्रेटो यांनी 'नाचूंया कुंपासार' केला, तो आधी पाहा. २०१४ चा कोकणी सिनेमा, मागे मोठा स्टुडिओ नाही. तो मल्टिप्लेक्सच्या भरवशावर बसला नाही, सभागृहांतून तिकीट लावून दाखवला. आमच्या घरचे सगळे गेलो होतो. शेजारचे अंकल तरुणपणी मुंबईत हॉटेलच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे, त्यांनाही नेलं. 'बेबदो' हे गाणं सुरू झालं आणि त्यांची तीन बोटं खुर्चीच्या हातावर ट्रम्पेटच्या कळा दाबू लागली. प्रत्येक सुराला, न चुकता. मागच्या रांगेतल्या बायका तर उघड गात होत्या.

लोक आले ते गाण्यांसाठी. संगीतकार ख्रिस पेरी आणि गायिका लॉर्ना यांची साठ-सत्तरच्या दशकातली वीसएक गाणी घेऊन त्यांच्याभोवती कथा गुंफलीय: मुंबईच्या क्लबांत वाजवणारा लॉरी आणि त्याच्याबरोबर गाणारी डोना. ही गाणी गोव्यात लग्नात, बसमध्ये, रेडिओवर ऐकतच माणूस मोठा होतो. रॉनी मोन्सेरात यांनी ती नव्याने बांधली, आणि ब्रास सेक्शन (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं) असा काही वाजतो की अंगावर काटा येतो.

मला सर्वांत भिडलं ते वादकांना दिलेलं मानाचं स्थान. हिंदी सिनेसंगीताच्या सोनेरी काळात अँथनी गोन्साल्विस, सॅबेस्टियन डिसोझा अशा गोवेकरांनी ऑर्केस्ट्रा उभा केला, नोटेशन लिहिली, पण पोस्टरवर नाव संगीतकाराचं. इथे ती माणसं गोष्टीच्या मध्यभागी आहेत. तुमच्या पखवाजवाल्यांनाही पडद्यावर नावानिशी आणा. कोपऱ्यात बसवू नका.

पार्लेकर७
पण त्यात सगळे गोव्याचे कुठे होते? लॉरी झालेले विजय मौर्य तर मुंबईचे ना, 'गली बॉय'चे संवाद लिहिणारे?

मडगावची_सून
खरंय, विजय मौर्य आणि डोना झालेली पालोमी घोष दोघांचीही भाषा कोकणी नव्हे. पण पालोमी पडद्यावर कोकणी बोलते-गाते तेव्हा आमच्या सासूबाईंनाही ती परकी वाटली नाही. राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला. शिवाय सर्वोत्कृष्ट कोकणी चित्रपट आणि निर्मिती संकल्पना असे आणखी दोन पुरस्कार मिळाले. सिनेमा गावचा ठरतो तो कान गावचा असला की, असं माझं ठाम मत आहे.

कुडाळचो_झील
ताई, वाचून बळ आलं. पण आमची गाणी नवी आहेत, कुणाच्या ओठांवर नाहीत. मग लोक कशासाठी येतील?

मडगावची_सून
मग ती आधी ओठांवर आणा ना! गोवेकरांचं तियात्र, म्हणजे गाण्यांचं कोकणी नाटक, १८९२ मध्ये मुंबईत सुरू झालं. दोन अंकांच्या मध्ये कांताराँ, म्हणजे गाणी, होतात, आवडलं की लोक 'वन्स मोअर' मागतात. तिकीट काढून गाणं ऐकायला सभागृहात जायची सवय आम्हाला अशी लागली. तुमच्याकडे जत्रा आहेत. या हंगामात देवळाच्या मांडवात दोन-तीन गाणी गाऊन बघा. पोरं दुसऱ्या दिवशी गुणगुणत फिरली तर ते गाणं ठेवा, नाहीतर चाल बदला. सिनेमाचं ध्वनिमुद्रण त्यानंतर. आणि पेटी-पखवाज प्रत्यक्ष वाजवूनच घ्या, कीबोर्डवरचा पखवाज आमच्या अंकलना पहिल्या ठोक्याला कळेल.

पुढे तालुक्याचं नाट्यगृह एका रविवारसाठी घ्या, दोन खेळ लावा, तिकिटं वाडीवाडीतल्या मंडळांकडे द्या. चाकरमानी गणपतीला घरी असतात, तेव्हाच तारीख धरा. मुंबईसाठी मराठी सबटायटल करून ठेवा. मालवणी वळणं नव्या पिढीला अडतात. यूट्यूब शेवटी, सगळीकडचे खेळ संपल्यावर.

कुडाळचो_झील
मांडवात गायचं डोक्यातच नव्हतं. बुवांना आजच सांगतो. त्यांची एक चाल संथ आहे, तीच पहिली गाऊन बघू.

मडगावची_सून
तारीख ठरली की इथे टाका. अंकलना घेऊन येते.