अण्णा डॉक्टरांना म्हणाले, 'मीच पडलो'

(सोसायटीचा ग्रुप, कुर्टी, फोंडा. शुक्रवार, २ जानेवारी)

प्रभाकरकाका, सी-३०२, स. ६:३१
सुप्रभात मंडळी! बाल्कनीतल्या काट्यावर १९ अंश. फोंड्याचं महाबळेश्वर झालं. कानटोपी काढा.

रोहन, बी-२०३, स. ७:४८
काका, त्या कानटोपीनंच घात केला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. २२ डिसेंबरला सकाळी सव्वासहाला आमचे अण्णा कानटोपी घालून फिरायला निघाले आणि गेटबाहेर स्कूटरनं उडवलं. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन करून अर्धा खुबा बदलला. काल घरी आणलं. बिल २ लाख ४० हजार. नुकसानभरपाईचं कोणाला काही माहीत असेल तर कृपया सांगा.

आग्नेल अंकल, ए-२०४, स. ७:५५
अण्णांक बेगीन बरें जांव. सांजेर सूप घेवन येतां.

शकुंतलाकाकी, बी-१०४, स. ७:५९
अरे, पण मी तर ऐकलं की पायरीवरून घसरले म्हणून?

रोहन, स. ८:०४
काकी, तेच तर दुखणं आहे. दोन पोरं होती, बाहेरची, भाड्याच्या स्कूटरवर मंगेशीला चाललेली. त्यांनीच रिक्षा करून अण्णांना इस्पितळात नेलं. रडत होती म्हणे. अण्णांना दया आली. डॉक्टरांनी विचारलं कसं झालं, तर म्हणाले, "मीच पडलो, पायरी चुकली." मी मडगावला रात्रपाळीला. येईपर्यंत पोरं गेलेली. आता केसपेपरपासून डिस्चार्ज कार्डापर्यंत सगळीकडे 'पायरीवरून पडून' असंच आहे.

सुलभाताई, ए-१०१, स. ८:२२
रोहन, ३१ वर्षं विमा कंपनीत थर्ड पार्टी, म्हणजे गाडीनं ज्याला उडवलं त्याच्या दाव्यांच्या टेबलावर होते, म्हणून स्पष्ट बोलते. ते एक वाक्य तुला सगळ्यात महाग पडणार आहे. दावा आला की कंपनीचा वकील आधी एक्स-रे बघत नाही, इस्पितळातली पहिली नोंद बघतो. पेशंट म्हणतो पडलो, पोलिसांत कागद नाही, मग स्कूटर आली कुठून? वाहनाचा अपघात म्हटलं असतं तर इस्पितळानं पोलिसांना कळवून मेडिकोलीगल केस केली असती, पंचनामा झाला असता. २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींसाठी कॅशलेस योजना आहे, त्यात खिशातून पैसे न भरता यादीतल्या इस्पितळात पहिल्या ७ दिवसांचा दीड लाखापर्यंतचा उपचार झाला असता. तेही हुकलं.

वैभव, सी-१०३, स. ८:३०
ताई, ती पोरं पळाली नाहीत, उचलून घेऊन गेली. त्यांच्यावरच केस घालायची? उद्या कोण मदत करेल?

सुलभाताई, स. ८:४१
वैभव, नेलं ते चांगलंच केलं. पण चालकानं २४ तासांत पोलिसांना कळवायचं, हेही मोटार वाहन कायद्यात आहे. आणि पैसे पोरांच्या खिशातून येत नाहीत रे, स्कूटरच्या विमा कंपनीकडून येतात. थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे तो रस्त्यावरच्या माणसासाठीच. अण्णांची दया फुकट गेली, वाचली ती प्रीमियम घेऊन बसलेली कंपनी.
रोहन, गाडीचा नंबर?

रोहन, स. ८:४४
वॉचमनला जीए-०३ एवढंच आठवतं.

सुलभाताई, स. ८:४६
म्हणजे म्हापशाची नोंदणी. पाटी काळी होती की पांढरी?

रोहन, स. ८:४७
अंधारात कोण बघतो ताई!

सुलभाताई, स. ८:५३
बघावं लागेल. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे परवान्याची भाड्याची गाडी. पांढरी म्हणजे खाजगी गाडी चोरून भाड्यानं दिलेली. तेव्हा कंपनी म्हणते, पॉलिसीची अट मोडली, आम्ही देत नाही. अशा वेळी कोर्ट बऱ्याचदा कंपनीला आधी पैसे भरायला लावतं आणि नंतर मालकाकडून वसूल करायला सांगतं. पण तोवर दोन-तीन वर्षं घासाघीस. आणि नंबर मिळालाच नाही तर हिट अँड रनच्या, म्हणजे उडवून गेलेली गाडी सापडत नाही अशांसाठीच्या योजनेतले ५० हजार, बस्स.
सेक्रेटरी, गेटचा कॅमेरा चालू आहे ना?

सेक्रेटरी, स. ९:१०
चालू आहे. पण डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंगचं यंत्र, १५ दिवसांनी जुनं पुसून त्यावर नवं घेतो.

सुलभाताई, स. ९:११
आज ११वा दिवस आहे!! देवपूजा राहू द्या, आधी खाली जा. कॉपी काढा, मूळ डीव्हीआरला हात लावू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र लागेल, तुमच्या आणि तज्ज्ञाच्या सहीचं.

सेक्रेटरी, स. ९:१२
निघालो.

शकुंतलाकाकी, स. ९:२०
पण ७४ वर्षांच्या माणसाला मिळतं का काही? पेन्शन चालूच आहे म्हणतील.

सुलभाताई, स. ९:४०
काकी, हाच प्रश्न कंपनी विचारते. वाटा दोन आहेत. मोटार वाहन कायद्याचं कलम १६४ घेतलं तर चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही, गंभीर दुखापतीला अडीच लाख ठरलेले. हाड मोडलं की ती गंभीरच. कलम १६६ घेतलं तर निष्काळजीपणा दाखवावा लागतो, पण बिलं, रिक्षाभाडं, बाई ठेवली तिचा पगार, वेदना, पुढचा उपचार, सगळं मोजलं जातं. बाईच्या पगाराची सहीची पावती घ्या, लोक तीच विसरतात.
पेन्शन बुडाली नाही, बरोबर. पण अण्णा तबला शिकवतात ना?

रोहन, स. ९:४४
८ मुलं होती. महिन्याला ४,८०० होत. डॉक्टर म्हणतात, आता मांडी घालायची नाही.

सुलभाताई, स. ९:५८
मग हेच लिही! अपंगत्व पायाचं किती टक्के एवढंच बघायचं नसतं, त्या माणसाच्या कामावर काय परिणाम झाला ते बघायचं, असं सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये राजकुमार वि. अजयकुमार या खटल्यात सांगितलंय. मांडी न घालणारा कारकून काम करतो. तबलजी काय करणार? वर्षाचे ५७,६००, त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्यानं गुणतात, पासष्टीपुढच्यांना हा गुणक ५, म्हणजे २ लाख ८८ हजार. कामावरचा परिणाम समजा ४० टक्के धरला तर १ लाख १५ हजार २०० या एकाच खात्यात. मुलांच्या आईवडिलांनी फी भरल्याचे मेसेज जपून ठेव.

प्रभाकरकाका, स. १०:०२
आणि कानटोपी?

सुलभाताई, स. १०:०६
वकील काढणारच! अंधारात गडद शाल, कान झाकलेले, हॉर्न ऐकू आला नाही, म्हणून अण्णांचीही थोडी चूक, आणि तेवढे टक्के कापा. तुम्हीही काका, सूर्य पावणेसात-सातला उगवतो, सहाला कुठे धावता? देव पळून जात नाही.

वैभव, स. १०:१५
आता तक्रार दिली तर उशीर झाला म्हणणार नाहीत?

सुलभाताई, स. १०:२१
म्हणतील. पण उशिरा फिर्याद दिली एवढ्यावरून दावा पडत नाही, कारण पटायला हवं. अण्णांनी खरं ते सांगावं: दया आली म्हणून खोटं बोललो. रिक्षावाला आणि वॉचमन यांचे जबाब घ्यायला लावा. पण दाव्याची मुदत ६ महिने. २०२२च्या १ एप्रिलपासून ती परत आलीय. त्यावर सुप्रीम कोर्टात वाद चालू आहे, त्या भरवशावर झोपू नका. पोरांनी काही कागदावर सही घेतली का?

रोहन, स. १०:२५
नाही. अण्णांच्या उशाखाली दोन हजार ठेवून गेले.

शकुंतलाकाकी, स. १०:३३
मी गेल्या वर्षी मागच्या चिऱ्यांच्या पायऱ्यांवर दवानं घसरले, मनगट मोडलं. मला कोण देणार?

सुलभाताई, स. १०:४१
काकी, तिथे गाडी नाही, म्हणून मोटार अपघात दाव्यांचं न्यायाधिकरण नाही. सोसायटीची चूक दाखवून दिवाणी दावा लावावा लागेल, म्हणजे आपण आपल्यालाच नोटीस द्यायची. प्रधानमंत्री योजनेतला वर्षाला २० रुपयांचा सुरक्षा विमा ७० वर्षांपर्यंतच आणि तो मोडलेल्या हाडाला पैसे देतच नाही; हात-पाय-डोळे कायमचे गेले तर, किंवा मृत्यूला. तुमचं वय वंदना कार्ड, ज्येष्ठांच्या मोफत उपचाराचं, काढलं का? ७० झाली की उत्पन्नाची अट नाही, यादीतल्या इस्पितळात ५ लाखांपर्यंत. आणि सेक्रेटरी, त्या पायऱ्यांना खडबडीत पट्ट्या आणि एक बल्ब, हे बजेट कधीच मंजूर झालंय.

सेक्रेटरी, स. ११:३७
पट्ट्यांचं बघतो. फुटेज मिळालं. ६:१७. अण्णा अगदी कडेनं चाललेत, स्कूटर वळणावर आतून येते. नंबर पूर्ण वाचता येतो. पेनड्राइव्ह दोन केले, एक रोहनकडे देतो.

सुलभाताई, स. ११:३८
पाटी?

सेक्रेटरी, स. ११:३९
पांढरी.

सुलभाताई, स. ११:४४
वाटलंच होतं. ठीक आहे, लढाई लांबणार. रोहन, उद्या १० वाजता पोलीस स्टेशन. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, पेनड्राइव्ह. अण्णांना खुर्चीत बसवून आणता येईल का?

रोहन, स. ११:५२
विचारलं. म्हणतात येतो, पण पोरांचं नाव आलं तर त्यांचं शिक्षण थांबायला नको, एवढं लिहून घ्या म्हणे.

आग्नेल अंकल, स. ११:५५
म्हजी गाडी व्हड आसा. धा वाजतां गेटार उबो रावतां.