कलवरी वर्गाच्या पाणबुड्या: पाण्याखाली 20 नॉट, पण किती वेळ?

दर्यावाट (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आयएनएस वाघशीर 15 जानेवारी 2025 रोजी मुंबईत नौदलात दाखल झाली आणि माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या कलवरी वर्गातील सहाही पाणबुड्या सेवेत आल्या. या पाणबुडीचा वेग पृष्ठभागावर 11 नॉट (म्हणजे तासाला 11 सागरी मैल) आणि पाण्याखाली 20 नॉट सांगितला जातो. मुंबई ते कारवार हे अंतर साधारण 260 सागरी मैल धरले, तर ती पाण्याखालून 13 तासांत कारवारला पोहोचेल, हा हिशेब बरोबर आहे का? इंजिन डिझेलचे असेल, तर पाण्याखाली त्याला हवा कोठून मिळते? आणि अरिहंतसारखी अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी देशात बांधता येते, तर डिझेलवरच्या पाणबुड्या कशासाठी हव्यात?

यंत्रघर

आपला हिशेब बॅटरीपाशी अडतो. या पाणबुडीचा प्रोपेलर विद्युत मोटरच फिरवते. डिझेल इंजिने जनित्रे चालवून वीज तयार करतात आणि त्या विजेने बॅटरी भरली जाते. बॅटरीत 360 सेल आहेत आणि प्रत्येकाचे वजन 750 किलो आहे, म्हणजे पाण्याखाली 1,775 टन भरणाऱ्या पाणबुडीत 270 टन केवळ बॅटरीच आहे.

एवढी बॅटरीही 20 नॉटला फार वेळ पुरत नाही, कारण लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग 20 वरून 5 नॉटवर आणला, म्हणजे चौथा हिस्सा केला, की मोटरला लागणारी शक्ती चौसष्टाव्या हिश्श्यावर येते. तीच बॅटरी चौसष्टपट वेळ टिकते आणि अंतर सोळापट कापले जाते. हे गणित कागदावरचे आहे, कारण सोनार (ध्वनिलहरींनी शोध घेणारी यंत्रणा), संगणक, वातानुकूलन आणि 40 हून अधिक माणसांच्या राहण्याची व्यवस्था यांना लागणारी वीज वेग कमी केल्याने कमी होत नाही. तरीही कल स्पष्ट आहे: पूर्ण वेग हा हल्ल्यानंतर निसटण्यासाठी राखून ठेवायचा असतो आणि एरवी पाणबुडी माणसाच्या चालीने सरकत असते. त्यामुळे 13 तास सलग 20 नॉट हे तिच्याकडून होणारे काम नाही.

आता हवेविषयी. बॅटरी उतरली की पाणबुडी पृष्ठभागाच्या अगदी जवळ येते, स्नॉर्कलची नळी पाण्याबाहेर काढते आणि तिच्यातून हवा घेऊन इंजिने सुरू करते. नळीच्या तोंडावरून लाट गेली, तर पाणी आत शिरू नये म्हणून तेथील झडप आपोआप बंद होते. इंजिने मात्र चालूच असल्याने ती आतलीच हवा ओढू लागतात, दाब झपाट्याने उतरतो आणि आतल्या प्रत्येकाच्या कानांना दडे बसतात. खवळलेल्या समुद्रात हे पुन्हा पुन्हा घडते. शिवाय चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि तो साचू न देणे हे जिवावरचे काम असते. शत्रूच्या दृष्टीने हीच संधी होय, कारण नळी रडारवर दिसू शकते आणि इंजिनांचा आवाज दूरवर ऐकू जातो. किती वेळाने आणि किती काळ वर यायचे, या निर्णयाला माझ्या मते कमाल वेगाच्या आकड्यापेक्षा कितीतरी अधिक महत्त्व आहे.

नांगरतळ

अणुशक्तीच्या प्रश्नाविषयी थोडेसे. अरिहंत ही क्षेपणास्त्रे वाहून नेणारी, शत्रूला अण्वस्त्र हल्ल्यापासून परावृत्त ठेवण्यासाठीची पाणबुडी आहे; जहाजांवर दबा धरून हल्ला करणे हे तिचे काम नाही, तेव्हा एकीने दुसरीची जागा घ्यावी असा हा मामला नाही. अणुभट्टीमुळे दीर्घकाळ वेगाने जाता येते, हे खरेच. परंतु तिच्या शीतकरणाचे पंप आणि टर्बाइन यांचा आवाज पूर्ण बंद करणे अवघड असते. बॅटरीवर हळू चालणारी पाणबुडी जवळजवळ निःशब्द असते. मुंबई-गुजरातच्या किनाऱ्यापुढे समुद्र दूरवर उथळ आहे आणि तेथे 67.5 मीटर लांबीची लहान पाणबुडी सोयीची पडते. 9 डिसेंबर 1971 रोजी दीवजवळ आपली युद्धनौका आयएनएस खुकरी बुडाली, तेव्हा तिच्यावर पाणतीर सोडणारी पाकिस्तानची हंगोर ही डिझेल-विद्युत पाणबुडीच होती. त्या घटनेत 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले.

दर्यावाट

दोघांचेही आभार. मग हवेवाचून वीज देणारी जी एआयपी यंत्रणा असते, ती या सहा पाणबुड्यांवर आहे का?

यंत्रघर

सेवेत दाखल होताना एकीवरही नव्हती. पाकिस्तानच्या अगोस्ता 90बी पाणबुड्यांवर ती आधीपासून आहे, आणि एवढ्या खर्चाच्या प्रकल्पात आपण ती सुरुवातीलाच धरायला हवी होती, असे मला वाटते. डीआरडीओच्या अंबरनाथ येथील प्रयोगशाळेने फॉस्फोरिक आम्लाच्या इंधनघटावर (हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून थेट वीज देणाऱ्या फ्युएल सेलवर) चालणारी यंत्रणा विकसित केली आहे. तिला लागणारा हायड्रोजन टाकीत साठवून न्यावा लागत नाही, तो पाणबुडीतच तयार होतो. ही यंत्रणा सामावणारा भाग बांधून कलवरी वर्गात बसवण्यासाठी संरक्षण मंत्रालयाने डिसेंबर 2024 मध्ये माझगाव डॉकशी सुमारे 1,990 कोटी रुपयांचा करार केला. त्यासाठी पाणबुडीचा सांगाडा मधोमध कापून नवा भाग जोडावा लागतो, म्हणून हे काम मोठ्या दुरुस्तीच्या वेळीच करणे व्यवहार्य ठरते. या यंत्रणेची शक्ती मर्यादित असल्याने तिच्यावर संथ गतीनेच जाता येते. स्नॉर्कलसाठी वर येण्याची वेळ लांबते, पण 20 नॉटने कारवार गाठणे त्यानंतरही जमणार नाही.