डोनेपेझिल चालू असताना लघवीची गोळी दिल्यास गोंधळ वाढतो का?

कृष्णाकाठ:
माझ्या सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत. अल्झायमरचे निदान झाल्यावर न्यूरॉलॉजिस्टांनी डोनेपेझिल सुरू केले; आधी ५ मिलिग्रॅम आणि पुढे १०. विसरणे थांबले असे नाही, परंतु बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर सुटणे कमी झाले आणि मेथीची जुडी घेऊन बसल्या की ती हातावेगळी करूनच उठू लागल्या. नंतर लघवीची घाई होऊन कपडे ओले होऊ लागले, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी ऑक्सिब्युटिनिन दिले. तेव्हापासून निवडलेली पाने त्या पुन्हा देठांत मिसळतात आणि संध्याकाळी मलाच ‘तुम्ही कोणाकडे आलात?’ असे विचारतात. हा आजार पुढे सरकला असे समजावे, की या दोन औषधांचा एकमेकांशी काही संबंध आहे?

खलबत्ता:
मी औषधनिर्माणशास्त्र शिकवतो, रुग्ण तपासत नाही, हे लक्षात ठेवून वाचावे. या दोन औषधांचा संबंध थेट आहे. लक्ष आणि स्मरण यांसाठी लागणारे ॲसिटिलकोलीन मेंदूच्या बाह्यस्तराला पुरवणाऱ्या पेशी अल्झायमरमध्ये मोठ्या प्रमाणावर नष्ट होतात. डोनेपेझिल हे रसायन नव्याने तयार करत नाही. उरलेल्या ॲसिटिलकोलीनचे विघटन करणाऱ्या एन्झाइमला ते अडवते, त्यामुळे जे थोडे आहे ते अधिक वेळ टिकते. मात्र हा परिणाम डोक्यापुरता राहत नाही. आतड्यावर झाला तर मळमळ आणि जुलाब होतात, हृदयावर झाला तर नाडी मंदावते, आणि मूत्राशयावर झाला तर लघवीची घाई होते. तुमच्याकडे जी तक्रार नवा आजार म्हणून दुसऱ्या दवाखान्यात गेली, ती पहिल्याच गोळीची देणगी असण्याची शक्यता आहे.

ऑक्सिब्युटिनिन ॲसिटिलकोलीनचे ग्राहीच, म्हणजे पेशींवर ते जिथे जोडले जाते त्या जागाच, बंद करते. मूत्राशय शांत होते, पण ते मेंदूतही सहज शिरते. म्हणजे आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. कॅनडातील ऑंटारिओ प्रांतात झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, डोनेपेझिलसारखी औषधे घेणाऱ्या वृद्धांना अशी मूत्राशयाची औषधे लिहून दिली जाण्याचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळले होते.

गोळी आपल्या मनाने बंद करू नका. घरातल्या सगळ्या स्ट्रिप एका पिशवीत घालून न्यूरॉलॉजिस्टांपुढे ठेवा आणि त्याआधी लघवीची तपासणी करून घ्या, कारण वृद्धांमध्ये केवळ जंतुसंसर्गानेही असा गोंधळ उडतो. मूत्राशयासाठी मिराबेग्रॉनसारखे वेगळ्या ग्राहींवर काम करणारे औषध असते. ते चालेल का, हे रक्तदाब पाहून डॉक्टर ठरवतील. सर्दीच्या गोळ्यांतले क्लोरफेनिरामिन, झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेले ॲमिट्रिप्टिलीन आणि कंपासाठीचे ट्रायहेक्सिफेनिडिल हीसुद्धा ॲसिटिलकोलीनच्या विरोधातलीच मंडळी आहेत. सर्दीची गोळी तर दुकानातून कोणीही सहज आणून देतो.

सांजवेळ:
वरील उत्तरात डोपामिन या मेंदूतल्या दुसऱ्या संदेशवाहक रसायनाचा उल्लेख नाही, म्हणून लिहिते. माझ्या वडिलांना लेवी बॉडी प्रकारचा स्मृतिभ्रंश होता आणि त्यांना सोफ्यावर अनोळखी मुले बसलेली दिसत. एका रुग्णालयात रात्री ते आरडाओरडा करू लागले, तेव्हा त्यांना हॅलोपेरिडॉल या डोपामिन अडवणाऱ्या औषधाचे इंजेक्शन दिले गेले. सकाळी त्यांचे हातपाय लाकडासारखे ताठ होते आणि चमच्याने दिलेले पाणीही गिळता येत नव्हते. या प्रकारात डोपामिनची यंत्रणा आधीच खचलेली असते, त्यामुळे ती अडवणारी औषधे जिवावर बेतू शकतात. स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांत मनोविकारांवरील अशा नव्या पिढीच्या औषधांनी मृत्यूचा धोका सुमारे १.६ ते १.७ पट होतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ मध्ये दिला होता आणि २००८ मध्ये तो हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांनाही लागू केला. सासूबाईंना भास होऊ लागले, तर निदान नेमके कोणत्या प्रकारचे आहे हे विचारल्याशिवाय असे औषध सुरू करू देऊ नका.

कृष्णाकाठ:
आभारी आहे. सासूबाईंना भास होत नाहीत. शुक्रवारी न्यूरॉलॉजिस्टांची वेळ मिळाली आहे. नणंदेचे म्हणणे असे की, डोनेपेझिलचा उपयोग दिसत नसेल तर ते सोडून मेमॅन्टीन घ्यावे.

खलबत्ता:
उपयोग दिसत नाही हे आत्ता ठरवता येणार नाही, कारण ऑक्सिब्युटिनिन मध्ये आहे. मेमॅन्टीन ग्लुटामेट या मेंदूतल्या आणखी एका संदेशवाहक रसायनाच्या एका ग्राहीवर काम करते आणि मध्यम ते तीव्र अवस्थेत देतात. ते डोनेपेझिलच्या जोडीलाही दिले जाते, तेव्हा एक सोडल्यावरच दुसरे घ्यावे असे काही नाही. ब्रिटनमध्ये २९५ रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, डोनेपेझिल चालू ठेवलेल्यांचे स्मरण आणि आकलनाच्या परीक्षेतले गुण ते बंद केलेल्यांपेक्षा ३० पैकी सरासरी १.९ ने जास्त राहिले. फरक लहान आहे, पण तुम्ही मेथीच्या जुडीत जो पाहिला तो अशाच मापाचा असतो. शुक्रवारी जाताना कोणती गोळी कोणत्या तारखेला सुरू झाली आणि गोंधळ कधी वाढला, एवढे एका कागदावर लिहून न्या. मूत्रपिंडाचा जुना रिपोर्ट असेल तर तोही घ्या, कारण मेमॅन्टीनची मात्रा त्यावर ठरते.