तीन-चार लहान संख्यांची बेरीज: लेक दर वेळी थोडक्यात चुकते

अर्धविराम
लेक सहा वर्षांची, पहिलीत आहे. दहाच्या आतल्या दोन संख्यांची बेरीज विचारायचा अवकाश, उत्तर तयार असतं. ५ + ३, ६ + ४ वगैरे तोंडपाठ आहे. पण तीन-चार संख्या एकाखाली एक दिल्या की गाडी घसरते. काल ४ + ७ + ६ + ३ चं उत्तर १७ आलं. ६ + ८ + ५ चंही १७. पुन्हा करायला सांगितलं तर पुन्हा तेच, आणि वर "बरोबरच आहे" असा ठाम सूर. २ + ३ + ४ मात्र बरोबर येतं. दोनच संख्या असल्या तरी उत्तर दहाच्या पुढे जाणार असेल तर कधी कधी चुकते, म्हणजे ९ + ४ ला १२ म्हणते.

मोठी संख्या धरून तिथून बोटांवर पुढे मोजायचं, हे तिला शिकवलंय. घरातले म्हणतात धांदरटपणा आहे, वाढत्या वयाबरोबर जाईल. मला तसं वाटत नाही, पण घोडं नेमकं कुठे पेंड खातंय तेही कळत नाही. सराव वाढवू का?

फावला_वेळ
दहाच्या जोड्या शिकवा, काम फत्ते. १-९, २-८, ३-७, ४-६, ५-५. तुमच्याच उदाहरणात ४ आणि ६ चे दहा, ७ आणि ३ चे दहा, झाले वीस. बोटं लागतच नाहीत. आमच्याकडे पोरगा आता आधी जोड्यांना गोल करतो आणि मगच बेरजेला हात घालतो.

जुनी_पाटी
ताई, सराव इतक्यात वाढवू नका. आहे तीच चूक पक्की होईल.

तुम्ही दिलेली उत्तरं जरा ओळीने बघा. ९ + ४ मध्ये एक कमी. ६ + ८ + ५ म्हणजे १९, तिथे दोन कमी. ४ + ७ + ६ + ३ म्हणजे २०, तिथे तीन कमी. दोन संख्यांत सांधा एक, तीन संख्यांत दोन, चारांत तीन. दर सांध्याला एक गळतोय. धांदरट मुलाचं उत्तर कधी वर जातं, कधी खाली. इतकी शिस्तशीर चूक धांदरटपणाने होत नाही. तिच्याकडे एक रीत आहे आणि ती ती रीत इमानेइतबारे पाळते. म्हणूनच "बरोबर आहे" म्हणते.

माझा अंदाज असा. ७ मध्ये ४ मिळवताना ती पहिलं बोट उघडते आणि म्हणते "सात". मग आठ, नऊ, दहा. चार बोटं उघडली, उत्तर दहा. आता दहात सहा: "दहा, अकरा, बारा, तेरा, चौदा, पंधरा". मग पंधरात तीन: "पंधरा, सोळा, सतरा". आले तुमचे १७. २ + ३ + ४ बरोबर येतं कारण २ + ३ पाठ आहे आणि ५ + ४ ही पाठ आहे. तिथे बोटांपर्यंत गोष्ट जातच नाही.

मुलं असं करतात ते उगाच नाही. वस्तू मोजताना पहिल्या वस्तूला हात लावायचा आणि पहिला आकडा म्हणायचा, हेच आपण त्यांना शिकवलेलं असतं. सापशिडीत सोंगटी उभी आहे तेच घर "एक" म्हणून मोजणारी मुलं पाहिली असतील ना? तोच प्रकार.

आज तिला मोठ्याने मोजायला लावा. दुरुस्त करू नका, नुसतं ऐका.

फावला_वेळ
पण जोड्या केल्या तर हा प्रश्नच येणार नाही ना?

जुनी_पाटी
येईल. ६ + ८ + ५ मध्ये दहाची जोडी शोधून दाखवा. मला जोड्या आवडतात, पण त्या इथे चूक झाकतील, काढणार नाहीत.

अर्धविराम
ऐकलं. शब्दाला शब्द तसंच! ६ + ८ + ५ दिलं होतं. "आठ" म्हणतच पहिलं बोट उघडलं, तेरावर आली, आणि पुढच्या फेरीला पुन्हा "तेरा"पासूनच सुरुवात. आता हे सोडवायचं कसं? ७ + ४ ला "सात म्हणायचं नाही, आठपासून सुरू कर" असं सांगून बघितलं, तर माझ्याकडे बघत राहिली. का म्हणायचं नाही ते तिला पटत नाही.

जुनी_पाटी
सांगून पटायचं नाही, दिसायला हवं. झाकणाची छोटी डबी घ्या. तिच्याकडूनच सात मणी मोजून आत टाकून घ्या, झाकण लावा, वर ७ लिहा. चार मणी बाहेर ओळीत मांडा. किती झाले विचारा. ती बाहेरच्या पहिल्या मण्याला बोट लावून "सात" म्हणेल, शेवटी दहा सांगेल. मान डोलवू नका, नाहीही म्हणू नका. झाकण काढा, सगळे ओता आणि एकपासून मोजायला लावा. अकरा निघतील. बहुतेक मुलं इथे थबकतात आणि पुन्हा मोजतात, मोजू द्या. मग विचारा, डबीतला सातवा मणी कुठला? आणि बाहेरचा पहिला कितवा? बाहेरचा पहिला हा आठवा आहे हे तिचं तिने म्हटलं की अर्धी लढाई जिंकली. नंतर डबीवर टिचकी मारून "सात", बाहेर "आठ, नऊ…" अशी लय बसवा. डबी गेली तरी टिचकी राहते, मुलं ती कपाळावर मारतात.

हे पक्कं झालं की मग तीन संख्या. तेव्हा मधली बेरीज डोक्यात धरायला लावू नका. लहान मुलाला चौदा लक्षात ठेवून वर पाच मिळवणं म्हणजे दोन कामं एकदम. झालेल्या संख्या खोडायच्या आणि बाजूला बारीक अक्षरात १४ लिहायचे. फक्त एकाच ओळीत ६ + ८ = १४ + ५ = १९ असं लिहू देऊ नका. ६ + ८ म्हणजे १९ नव्हे, आणि बरोबरच्या चिन्हाचा अर्थ "आता उत्तर लिही" असा एकदा डोक्यात बसला की पुढे समीकरणांच्या वेळी फार त्रास देतो.

जोड्या त्यानंतर. तेव्हा ६ + ८ + ५ मधल्या सहाचे पाच आणि एक करता येतात, पाच-पाच दहा, आठ आणि एक नऊ, एकोणीस. हे मात्र तिलाच सापडू द्या.

चौकट
सरावासाठी एक सुचवते. नऊ खान्यांचा चौरस काढा:

२ ७ ६
९ ५ १
४ ३ ८

आडव्या तीन, उभ्या तीन, तिरप्या दोन, आठही बेरजा १५. कुठे १४ आलं तर तिचं तिलाच कळतं, तपासायला आपण लागत नाही.

अर्धविराम
छान आहे! पण सगळीकडे पंधरा हे कळल्यावर ती मोजायची तसदी घेईल का?

चौकट
नाही घेणार. :) तेव्हा एक खाना बटणाने झाकायचा आणि खाली काय आहे ते विचारायचं. सुरुवातीला एकच झाका. नंतर दोन झाकलेत तर ते एकाच ओळीत घेऊ नका, नाहीतर अंदाज कुठून बांधायचा हे तिला कळत नाही.