मदत हवी आहे: प्राथमिक आरोग्य केंद्राची सोलर बॅटरी पावसाळ्यात पहाटे बसते

धडगाव तालुक्यातलं दुर्गम केंद्र. 2 किलोवॅट पॅनल, 12 व्होल्ट 150 एएचच्या चार ट्यूब्युलर बॅटऱ्या सिरीजमध्ये, तीन वर्षं जुन्या. रात्री प्रसूती झाली की 600 वॅटचा बेबी वॉर्मर चार तास चालतो, म्हणजे 2.4 युनिट. बॅटऱ्यांतून वापरण्याजोगे मुळात 3.6 युनिट (एकूण 7.2 च्या निम्मे), त्यात लसींचा फ्रीज. पहाटे इन्व्हर्टर लो बॅटरीवर बंद. बाळ वॉर्मरखाली असताना हे परवडणारं नाही.

हायड्रोमीटरवर (ॲसिडची घनता मोजणारं साधन) तीन बॅटऱ्या 1.240, चौथीचे दोन सेल 1.170 वरच अडकलेत. प्लेटवर पांढरट थर दिसतो. कंट्रोलरचं चार्जिंग 54.4 व्होल्टला थांबत होतं, ते 58 केलं. डिस्टिल्ड वॉटर भरलंय, टर्मिनल घासलेत.

आता 62 व्होल्टला इक्वलायझेशन (सगळे सेल सारखे करायला मुद्दाम जास्त व्होल्टेजचं चार्जिंग) द्यावं का? तेवढ्या वेळात इन्व्हर्टर हाय व्होल्टेजवर ट्रिप होईल, मग फ्रीजचं काय करता? एकच बॅटरी बदलली तर जुन्या तीन नवीला ओढतील अशी भीती आहे. की सरळ लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्यावी?

फ्रीज वेगळ्या पॅनलवर, बिनबॅटरीचा, कुणी चालवलाय का? सलग चार दिवस ढगात 2 ते 8 अंश टिकतं का, ते आकड्यांसह सांगा.