पॅशनफ्रूटला फुलं ढीगभर, फळ मात्र एकही नाही

दीड वर्षाचा वेल, मांडवभर पसरलाय, फुलं तर बघत बसावं अशी, पण दुसऱ्या दिवशी मिटून टपाटप गळतात. शेणखत भरपूर घालतेय, काय चुकतंय?

– पिवळ्या फळाच्या जातीचा आहे का? मग एकटा वेल सहसा स्वतःच्या परागावर फळ धरत नाही, दुसऱ्या रोपाचा वेल हवा, त्याचीच फांदी लावून उपयोग नाही. जांभळ्याला ही कटकट कमी.

– आधी खत आवरा, नत्र जास्त झालं की नुसता पाला. भुंगे येतात का? पराग तेच नेतात, मधमाशी लहान पडते त्या फुलाला. मी दुपारी ब्रशने दुसऱ्या वेलाचा पराग फुलाच्या मधल्या वरच्या तिन्ही टोकांना (स्त्रीकेसराच्या) लावते, पिवळ्याचं फूल दुपारीच उमलतं.

– हो, नर्सरीत पिवळाच म्हणून दिलेला. आणि ते काळे भुंगे मी रोज हाकलत होते 😅